गेमिंग पीसीचं कोटेशन घेण्याआधी : ६० हजारांत सुटे भाग निवडण्याचा क्रम

"आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट. घेऊ का?" असा कोटेशनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि त्यात निम्मी माहिती नसतेच. आय-७ कितव्या पिढीचा? कार्ड कोणतं? एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, कुठल्या कंपनीचा? उत्तर ठरलेलं असतं : "दुकानदार म्हणाला, सगळे गेम चालतील."

सगळे गेम चालतात, दहा एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला दहाच चित्रं. गोची क्रमात असते. आधी प्रोसेसरचं नाव ठरतं, मग कॅबिनेटच्या दिव्यांवर जीव जडतो, उरलेल्या पैशात कार्ड शोधलं जातं आणि एसएमपीएस दुकानदार देईल तो. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. उदाहरणासाठी फक्त टॉवरचं बजेट ६० हजार धरलं आहे. मॉनिटर, कीबोर्ड-माउस, यूपीएस आणि विंडोजचं लायसन्स यांचे पैसे वेगळे काढा. हे वेगळे पैसे न काढल्यामुळेच शेवटच्या क्षणी कार्ड खालच्या दर्जाचं घ्यावं लागतं.

## टप्पा १ : दुकानात जाण्याआधी घरी करायची तयारी

गेमची यादी. "सगळेच खेळणार" हे उत्तर चालणार नाही. चार-पाच नावं लिहा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ साध्या कार्डावरही पळतात. तिथे जास्त एफपीएस हवे असतील तर प्रोसेसर दमदार लागतो. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये बहुतेक भार कार्डावर येतो. यादीत फक्त पहिल्या प्रकारचे गेम असतील, तर तुमचं काम ६० हजारांच्या बरंच खाली भागेल.

स्क्रीन. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, जवळपास २१ लाख ठिपके. फोर-के म्हणजे बरोबर त्याच्या चौपट, सुमारे ८३ लाख. घरात फोर-के टीव्ही आहे म्हणून पीसी त्याला जोडायचा बेत असेल, तर आताच सोडून द्या किंवा गेममधलं रिझोल्यूशन १०८० वर ठेवायची तयारी ठेवा. या बजेटला २४ इंची, फुल एचडी, आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा पडदा) आणि निदान १०० हर्ट्झचा (सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर शोभतो.

घरातला प्लग. हा मुद्दा कुणीच विचारात घेत नाही. नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण वरच्या जाड पिनेमागे वायरच नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळेच. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या : फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. फेज-अर्थमध्ये काहीतरी अर्धवट आकडा दिसला, तर आधी अर्थिंग करून घ्या, पीसी मग.

आता पैशांची वाटणी. भाव आठवड्याला हलतात, म्हणून खालचे आकडे किमती म्हणून वाचू नका. ही वरची मर्यादा आहे.

- ग्राफिक कार्ड : २२ हजार
- प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून : १७ हजार
- रॅम आणि एसएसडी मिळून : १३ हजार
- एसएमपीएस : साडेचार हजार
- कॅबिनेट : साडेतीन हजार

रॅमचा आकडा तुम्हाला जास्त वाटेल. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत डेटा सेंटरवाल्यांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भडकले, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओंमधले "५० हजारांत बिल्ड" आता जुळत नाहीत. ते बघून दुकानदाराशी हुज्जत घालू नका.

तपासा : गेमची नावं, मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि अर्थिंगचा आकडा हे तिन्ही कागदावर आले का? नसतील तर पुढच्या टप्प्यात पैसे वाया जायला सुरुवात होते.

## टप्पा २ : सगळ्यात आधी ग्राफिक कार्ड

"४ जीबीचं कार्ड" याला काही अर्थ नाही. जीबी हा फक्त कार्डावरच्या मेमरीचा आकडा, तो कार्डाची ताकद सांगत नाही. जीटी ७३० हे २०१४ मधलं कार्ड आजही ४ जीबीच्या खोक्यात मिळतं. त्यावर दोन मॉनिटर लावून ऑफिसचं काम छान होतं. गेमिंग नाही.

फुल एचडीसाठी आरएक्स ६६०० मिळालं तर माझी पहिली पसंती त्यालाच. ८ जीबी मेमरी, १३२ वॅटची भूक, ८ पिनांची एकच केबल. बजेट थोडं ताणता आलं तर आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० बघा. दोन्ही ८ जीबीची, वीजही माफक खातात. आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि कागदावर तो सौदा फार चांगला दिसतो. मात्र बायोसमध्ये (पीसी सुरू होताना आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू नसेल तर त्याचा वेग कोसळतो, आणि जुन्या किंवा हलक्या प्रोसेसरबरोबर तो अडखळतो. जुन्या पीसीत टाकायला ते घेऊ नका.

८ जीबी पुरेल का? फुल एचडीला पुरतं. नव्या जड गेममध्ये टेक्स्चर "अल्ट्रा"वरून "हाय"वर आणावं लागेल, आणि खेळताना फरक शोधूनही सापडणार नाही.

एकाच नावाची दोन कार्डं. फसगत इथे सर्वात जास्त होते आणि गंमत म्हणजे यात दुकानदार खोटंही बोलत नसतो. आरटीएक्स ३०५० ची ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन रूपं आहेत. ६ जीबीवालं नुसती मेमरी कमी असलेलं नाही, त्याची चिपही छाटलेली आहे. आरटीएक्स ३०६० चंही १२ जीबी आणि ८ जीबी : तिथे मेमरीबरोबर मेमरीपर्यंतचा मार्गही अरुंद केला आहे, त्यामुळे ८ जीबीवालं हळू. आरएक्स ५८० च्या पुढे बारीक अक्षरात "२०४८ एसपी" असेल तर ते मूळ ५८० नव्हे. म्हणून कोटेशनमध्ये कंपनी, मॉडेल आणि मेमरी असं पूर्ण नाव लिहून घ्या. आरएक्स ६५०० एक्सटीवरही फुली मारा : ४ जीबी मेमरी, त्यात बोर्डाशी फक्त चार लेनने जोडलेलं, त्यामुळे पीसीआय ३.० च्या, म्हणजे कार्डाशी जोडणीची जुनी, हळू आवृत्ती असलेल्या बोर्डावर ते आणखी मंदावतं.

वापरलेलं कार्ड घ्यायचं असेल तर जीटीएक्स १०५० टीआय, १०६० अशा १००० मालिकेच्या मागे आता लागू नका. एनव्हिडियाने त्यांना नव्या गेमसाठी ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, यापुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. शिवाय काही नवे गेम, उदाहरणार्थ २०२५ चा डूम : द डार्क एजेस, रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं तंत्र) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. वापरलेलं घेताना विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच पीसीत, अर्धा तास जड गेम चालवून बघा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून चिपचं नाव आणि मेमरी खोक्याशी जुळवा; नाव बदलून विकलेली बनावट कार्डं तिथे पकडली जातात. "माझ्याकडे एसएमपीएस नाही, घरी नेऊन बघा" असं कुणी म्हणालं, तर चहा पिऊन परत या.

सावधान : कार्डाची मिलिमीटरमधली लांबी आणि त्याला लागणाऱ्या पॉवर केबलचा प्रकार आत्ताच लिहून ठेवा. टप्पा ५ आणि ६ मध्ये दोन्ही लागतील.

## टप्पा ३ : प्रोसेसर, आणि "आय-७"चा मोह

"आय-७ आहे, अजून काय पाहिजे!" या वाक्याने नाशकात कितीतरी पालकांचे पैसे गेले असतील. आय-७ ३७७० हा २०१२ मधला प्रोसेसर. त्याला चार कोर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). २०२२ च्या आय-३ १२१०० लाही चार कोर, आठ थ्रेड. पण हा आय-३ त्या आय-७ ला सहज मागे टाकतो. "नवा आय-७ गेमिंग पीसी" म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या टॉवरमध्ये बहुतेक वेळा असला दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर आणि त्याला चालणारा एच६१ चा नव्याने बनवलेला बोर्ड असतो.

ओळखायचं कसं? इंटेलच्या नावात आय-३, आय-५, आय-७ च्या पुढचा आकडा बघा. चार आकडी असेल तर पहिला आकडा पिढीचा : ३७७० म्हणजे तिसरी. पाच आकडी असेल तर पहिले दोन : १२४०० म्हणजे बारावी. विंडोज ११ ला इंटेलची अधिकृतपणे किमान आठवी पिढी लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचं तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी दोन्ही चालू लागतात. त्या जुन्या बोर्डांवर टीपीएम २.० नसतंच. म्हणजे ज्या गेमसाठी मुलाने हट्ट धरला, नेमका तोच विंडोज ११ वर बंद.

या बजेटला दोन सरळ पर्याय आहेत.

१. रायझन ५ ५६००. सहा कोर, एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसायची बोर्डावरची जागा), डीडीआर४ रॅम. खोक्यात कूलर येतो. ५५०० थोडा स्वस्त मिळतो, पण त्याची कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआय ३.०. फरक हजार-दीड हजारांचा असेल तर ५६०० च घ्या.

२. आय-५ १२४००एफ. हाही सहा कोरांचा. बजेट फारच आवळलं तर आय-३ १२१००एफ.

एएम५ वर जावं का? पुढे प्रोसेसर बदलायचा असेल तर हो, कारण एएमडीने या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही चालवण्याचं सांगितलं आहे. पण त्यावर फक्त डीडीआर५ चालते, आणि सध्याच्या भावात रॅम आणि बोर्डाचा वाढीव खर्च शेवटी कार्डाच्या पैशांतून जातो. बजेट ७५ हजारांच्या पुढे असेल तरच तिकडे वळा.

सावधान : इंटेलच्या नावापुढे "एफ" असेल, किंवा रायझनच्या एएम४ मालिकेत नावापुढे "जी" नसेल, तर त्या प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नाही. कार्ड नसेल तर स्क्रीन काळी. "प्रोसेसर आता, कार्ड दिवाळीला" असा बेत असेल तर ५६००जी घ्या. गेमिंगमध्ये तो ५६०० पेक्षा थोडा मागे पडेल, पण मधले महिने पीसी चालू राहील.

"ट्रे" प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवाय सुटा आलेला, शक्यतो टाळा. कूलर मिळत नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. दुकान बदललं की शब्दही गेला.

## टप्पा ४ : मदरबोर्ड आणि रॅम, दोन्ही एकत्र

हे दोन वेगवेगळे ठरवले की घोळ होतो. बारावी ते चौदाव्या पिढीच्या इंटेल बोर्डांत काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे असतात. नाव जवळजवळ सारखंच, शेवटी छोटंसं "डी४". चुकीची रॅम खाचेत बसतच नाही, तेवढीच देवाची कृपा.

५६०० साठी बी५५० चा मायक्रो-एटीएक्स बोर्ड उत्तम. पैसे कमी पडले तर बी४५०. ए५२० वरही गेम चालतील, मात्र या दोन्हींवर पीसीआय ४.० मिळणार नाही. १२४००एफ साठी एच६१० पुरतो, फक्त त्यात रॅमचे दोनच स्लॉट येतात. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : "या बोर्डाचा बायोस या प्रोसेसरला आधीपासून चालतो का?" बी४५० बऱ्याच जुन्या साठ्यातला असू शकतो आणि बायोस अपडेट केल्याशिवाय ५६०० त्यावर उठणार नाही. हे काम दुकानातच करून घ्या. घरी आणल्यावर "डिस्प्ले येत नाही" म्हणून रात्र जाते.

रॅमचं सूत्र सोपं आहे : १६ जीबी, ८-८ च्या दोन स्टिक, डीडीआर४ असेल तर ३२००. १६ ची एकच स्टिक घेतली तर ड्युअल चॅनल (दोन स्टिकमधून एकाच वेळी वाचण्याची सोय) मिळत नाही आणि प्रोसेसरवर भार असलेल्या गेममध्ये एफपीएस स्पष्ट घटतात. ५६००जी वर तर फारच. "पुढे आणखी एक टाकू" म्हणून एकच घेणारे बहुतेक जण ती कधीच टाकत नाहीत. पण आजच्या भावात १६ जीबी अजिबात परवडत नसेल, तर ८ ची एक स्टिक घेऊन कार्ड चांगलं घ्या आणि दुसरी स्टिक महिना-दोन महिन्यांत त्याच कंपनीची, त्याच वेगाची घ्या.

तपासा : प्रोसेसरचं सॉकेट आणि बोर्डाचं सॉकेट एकच? बोर्डाचा रॅम प्रकार आणि घेतलेली रॅम एकच? बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. पाच मिनिटं लागतात.

## टप्पा ५ : एसएमपीएस, जिथे सगळे हात आखडतात

दिव्यांच्या कॅबिनेटवर सहा हजार आणि एसएमपीएसवर नऊशे, हे मांडवाला झुंबरं लावून पंगतीत वरण पातळ करण्यासारखं आहे. हा भाग बिघडला तर एकटा जात नाही. बोर्ड, कार्ड, एसएसडी, जे सापडेल ते घेऊन जातो.

आधी हिशेब करू. आरएक्स ६६०० चे १३२ वॅट. ५६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण भर लोडवर तो त्याहून जास्त घेतो, म्हणून ८८ धरू. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४०-५०. बेरीज साधारण २७०. म्हणजे खऱ्या ४५० वॅटचा एसएमपीएसही पुरतो आणि ५५० चा घेतला तर पुढे कार्ड बदलायला जागा राहते. ७५० ची गरज नाही, कुणी कितीही सांगू दे.

"खऱ्या" हा शब्द मुद्दाम वापरला. एसएमपीएसच्या बाजूला एक तक्ता छापलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. ठळक अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं आणि १२ व्होल्टवर १८ अँपिअर? १८ गुणिले १२, फक्त २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, म्हणजे तुमचा पीसी जड गेममध्ये मध्येच बंद पडणार. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हा आकडा ४० च्या वर असतो. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस याच परीक्षेत नापास होतो. तो नको म्हणा आणि कॅबिनेटचे पैसे कमी करून मागा.

याशिवाय चार गोष्टी बघा :

- ८० प्लस ब्राँझचं चिन्ह. ते वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, पण नामांकित कंपनीचा ब्राँझ हा या बजेटला खालचा उंबरठा समजा.
- तीन ते पाच वर्षांची वॉरंटी. स्वतः कंपनीच एका वर्षावर थांबत असेल तर तुम्हीही थांबा.
- ६+२ पिनांची पीसीआय केबल एसएमपीएसमधूनच आलेली असावी. साटा (हार्ड डिस्क-एसएसडीच्या) किंवा जुन्या मोलेक्सच्या चिमट्यावरून ८ पिन काढणारा जोड कधीही वापरू नका. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट, ८ पिनेला १५० पर्यंत लागू शकतात. प्लास्टिक वितळतं ते यामुळे.
- मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) असेल तर केबल त्याच खोक्यातली. दुसऱ्या मॉडेलची केबल बसते, पण आतल्या तारांची जागा वेगळी असू शकते, आणि मग धूर.

यूपीएसबद्दल. मे महिन्यात वळीव आला की दिवे लुकलुकतात, पावसाळ्यातही तेच, त्यामुळे यूपीएस चैनीत मोडत नाही. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत झेपतो. वरचा २७० वॅटचा पीसी अधिक मॉनिटर, म्हणजे काठावर. गेम चालू असताना वीज गेली तर तो पिऊक करून बंद पडण्याची शक्यता बरीच. झेपेल तर १००० व्हीए घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघा; स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस कुरकुरतात.

## टप्पा ६ : एसएसडी आणि कॅबिनेट

एसएसडी एनव्हीएमई (वेगवान जातीची) घ्या, शक्य असेल तर १ टीबी. ५०० जीबीचा विंडोजमध्ये ४६५ च दिसतो, त्यात विंडोज आणि दोन-तीन मोठे गेम आले की डबा भरला. "एम.२" हा फक्त आकार, तो म्हणजे एनव्हीएमई असं समजू नका, तशाच दिसणाऱ्या एम.२ साटा एसएसडीही मिळतात आणि त्या कितीतरी हळू असतात. नाव न ऐकलेल्या कंपनीची २ टीबी अर्ध्या किमतीत मिळत असेल तर ती २ टीबी नसते.

कॅबिनेटला पुढे जाळी हवी. बंद काचेचं तोंड एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीला टेकतो तेव्हा, स्लॅबखालच्या खोलीत भट्टी होतं. जाळीतून धूळ येते हे खरं, त्यात सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उखडले की आणखीच. म्हणून जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर आहे का ते बघा. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, एवढं पुरे. टप्पा २ मध्ये लिहिलेली कार्डाची लांबी कॅबिनेटच्या मर्यादेत बसते ना, ते या ठिकाणी ताडून बघा.

## टप्पा ७ : कोटेशन आणि खरेदी

आता दुकानात जा. एम. जी. रोड, कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड या पट्ट्यात निदान तीन दुकानांतून एकाच यादीचं कोटेशन घ्या. यादी तुमची, दुकानदाराची नाही. "बजेट इतकं, बघा काय बसतं" असं म्हणालात की त्याच्याकडे पडून असलेला माल तुमच्या टॉवरमध्ये बसतो. तो त्याचा धंदा आहे, राग धरण्यात अर्थ नाही.

कोटेशनची ओळ अशी हवी : "डीडीआर४, ३२००, ८ जीबीच्या २ स्टिक, कंपनी, मॉडेल, वॉरंटी किती वर्षं, जीएसटीसह भाव". नुसती "१६ जीबी रॅम" ही ओळ परत पाठवा. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिलाशिवाय घ्या, तेवढे वाचतील" ही ऑफर येणारच. पक्क्या बिलाशिवाय कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस घेऊ नका. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. खोक्यावर एमआरपी आणि आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता असलेलं स्टिकर नसेल, तर तो माल आडवाटेने आलेला असू शकतो आणि भारतातली वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

मुंबईला लॅमिंग्टन रोडला जावं का? ग्रँट रोडला उतरून चार दुकानं फिरल्यावर कार्डात भाव सुटतो, हे खरं. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पण माझं मत : कार्ड किंवा प्रोसेसर मुंबईहून किंवा ऑनलाइन आणलं तर हरकत नाही, बोर्ड आणि एसएमपीएस नाशकातच घ्या. पहिल्या महिन्यात तक्रार येते ती बहुधा यांचीच, आणि तेव्हा समोर बसून बोलता येईल असं दुकान हवं. सर्व्हिस सेंटर नाशकात आहे की भाग कुरियरने पाठवावा लागतो, हे कंपनीच्या वेबसाइटवर आधी बघून घ्या.

सावधान : जोडलेला टॉवर बसने किंवा गाडीने आणणार असाल तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं ठेवा. कसारा घाटातले खड्डे कार्डाचा सगळा भार बोर्डाच्या स्लॉटवर टाकतात. दुचाकीवरून सिडकोपर्यंत न्यायचं असलं तरी हेच.

## टप्पा ८ : घरी आल्यावर, पहिल्या संध्याकाळी

एवढं नीट निवडूनही अर्धा वेग वाया घालवणारी घरं बघितली आहेत. कारणं नेहमी हीच असतात, म्हणून या क्रमाने तपासा.

१. मॉनिटरची केबल कार्डाला. टॉवरच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी असलेलं एचडीएमआय बोर्डाचं. खाली आडव्या पट्टीतलं कार्डाचं. खालचं वापरा.

२. रॅमची जागा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. ३२०० च्या जागी २१३३, २४०० किंवा २६६६ दिसला तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग) चालू करायचं राहिलं आहे. एएमडीच्या काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं.

३. बायोसमध्ये रिसायझेबल बार, टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू. सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद. हे विंडोज टाकण्याआधी केलं तर डिस्क पुन्हा पुसावी लागत नाही.

४. रिफ्रेश रेट. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोज बऱ्याचदा ६० वरच चालवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदला.

५. तापमान. तुमच्या यादीतला सर्वात जड गेम अर्धा तास चालवा. प्रोसेसर सतत ९० च्या वर जात असेल तर कूलरखालची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली आहे का, कूलरचे चारही स्क्रू घट्ट आहेत का ते बघा. पीसी मध्येच बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर संशय एसएमपीएसवर, आणि अर्थिंगवर.

जे काही खटकेल त्याचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी दुकानदाराला पाठवा. सुरुवातीच्या दिवसांत भाग हातोहात बदलून मिळण्याची शक्यता असते. नंतर तोच भाग कंपनीकडे जातो आणि पीसी उघडा पडून राहतो. खोकी, आतली अँटिस्टॅटिक पिशवी आणि बिल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, आणि बिलाचा फोटो फोनमध्येही. बिलावरची शाई वर्षभरात उडते.